डोंगा, दलाल आणि वर्गातली रिकामी जागा

टीव्हीवर इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या रबरी होड्या दिसल्या की मुलं विचारतात, "सर, हे लोक विमानाने का नाही जात?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पाठाची सुरुवात इथूनच करा.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरून अशा होड्यांनी २०१८ मध्ये सुमारे ३०० माणसं ब्रिटनला पोचली. २०२२ मध्ये आकडा ४५ हजारांच्या वर गेला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, एकाच होडीतले किमान २७ जण बुडाले. ब्रिटनने फ्रेंच किनाऱ्यावरच्या गस्तीला पैसा पुरवला. आलेल्यांना रवांडाला पाठवायची योजना आणली. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा ठरवली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. २०२५ मध्ये फ्रान्सशी करार झाला: होडीने आलेला एक परत, त्या बदल्यात फ्रान्समधला एक रीतसर आत. निदान यात एवढं तरी मान्य केलंय, की सरळ रस्ता असल्याशिवाय दलालाचं दुकान बंद होत नाही. आपल्याकडचे लोकही या फेऱ्यात सापडतात बरं का. मार्च २०२३ मध्ये कॅनडातून अमेरिकेत जाताना सेंट लॉरेन्स नदीत आठ जण बुडाले, त्यात गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं.

आता आपल्या नदीकडे या. वैनगंगेच्या एका काठाला चंद्रपूर, दुसऱ्या काठाला गडचिरोली. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला नावेतून पलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली, सहा जणी गेल्या. ही तस्करी नव्हती, रोजची मजुरी होती. पण पूल लांब आणि पोट जवळ असलं की माणूस मिळेल त्या नावेत बसतो, हे खाडीवर खरं आहे तसंच वैनगंगेवरही.

इथे मुलांना एक फरक नीट समजावून द्या, कारण वर्तमानपत्रं दोन्हीला 'मानवी तस्करी'च म्हणतात. पैसे घेऊन माणसाला चोरून सीमेपार नेणं ही एक गोष्ट. पलीकडे पोचलं की व्यवहार बहुधा संपतो. फसवून, धमकावून, आमिष दाखवून माणसाला राबवण्यासाठी वा विकण्यासाठी नेणं हा मानवी व्यापार. त्याला सीमा लागत नाही, नदीही लागत नाही. त्याला संविधानाच्या कलम २३ ने बंदी आहे, वेठबिगारीलाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शिक्षा आहे. बळी बालक असेल तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी. आणि "पोरगी तर राजीखुशीनं गेली" या बचावाला त्या कलमात जागा नाही. हे वाक्य पालकसभेत दोनदा सांगा.

आपल्या भागात धोका मिरचीच्या हंगामात जास्त. मजूर तेलंगणात जातात, सोबत पोरंही. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली १२ वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या कामावरून टाळेबंदीत पायी घरी निघाली आणि गावाजवळ येऊन वाटेतच वारली. बारा वर्षांची, म्हणजे सहावी-सातवीच्या बाकावरची.

सरकारची व्यवस्था आहे: पोलिसांचे मानवी तस्करीविरोधी कक्ष, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड. पण मूल गेलंय हे सर्वांत आधी कुणाला कळतं? हजेरीपटाला. म्हणून आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या नावापुढे नुसता 'गै' लिहून थांबू नका. घरी जा. कुठल्या गावी गेलं, मुकादम कोण, त्याचा फोन कोणता, उचल किती घेतली, परत कधी येणार, हे विचारा आणि वहीत लिहा. उत्तर "माहीत नाही जी" आलं, तर त्याच दिवशी १०९८ लावा.