डेटा सेंटर आणि शेजारची वस्ती : एक अभ्यास

बँकेतील पैशांची नोंद, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा ऑनलाइन अर्ज, मोबाईलवर पाठविलेले छायाचित्र, या सर्वांची साठवण कोठेतरी करावीच लागते. ती ज्या इमारतीत होते तिला डेटा सेंटर म्हणतात. ही माहिती 'क्लाउड'मध्ये, म्हणजे हवेत कोठेतरी असते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा क्लाउड म्हणजे कोणाच्या तरी गावाशेजारी उभी असलेली एक प्रचंड इमारत होय. तिचा लाभ साऱ्या जगाला मिळतो. भार मात्र शेजारच्या वस्तीला वाहावा लागतो. हा भार कोणता, तो कोणाच्या वाट्याला येतो आणि त्याच्या बदल्यात वस्तीला काय मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील तीन ठिकाणांच्या अनुभवांवरून केला आहे. अशा इमारती आता आपल्या नवी मुंबईतही उभ्या राहत असल्याने हा विषय दूरचा राहिलेला नाही.

इमारतीचे काम कसे चालते?

डेटा सेंटरमध्ये हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना वीज लागते आणि त्या विजेची शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढण्यासाठी शीतकरणाची यंत्रणा लागते. काही ठिकाणी ती पाण्याचे बाष्पीभवन करून चालते, तर काही ठिकाणी पाणी थोडे आणि वीज जास्त खर्च होते. वीज खंडित झाल्यास काम थांबू नये म्हणून आवारात डिझेल जनरेटरच्या रांगा उभ्या असतात.

विजेची ही भूक किती वाढू शकते, हे आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांवरून दिसते. त्या देशात मीटरवर मोजलेल्या एकूण विजेपैकी डेटा सेंटरचा वाटा २०१५ साली ५ टक्के होता. २०२३ साली तो २१ टक्के झाला. देशातील शहरी भागातील सर्व घरांचा मिळून वाटा त्या वर्षी १८ टक्के होता.

जमेची बाजू : लाउडन काउंटी

कोणत्याही प्रश्नाचा अभ्यास करताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटी हा डेटा सेंटरची जगातील सर्वांत मोठी दाटी असलेला भाग मानला जातो. तेथील प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे, डेटा सेंटरना पुरविलेल्या सेवांवर १ डॉलर खर्च होतो तेव्हा त्यांच्याकडून २६ डॉलर कर मिळतो. या उत्पन्नातून शाळा व रस्ते झाले. सामान्य घरमालकाच्या मालमत्ता कराचा दरही उतरत गेला आणि २०२५ साली १०० डॉलर किमतीमागे ८०.५ सेंटवर आला.

रोजगाराचे चित्र मात्र वेगळे आहे. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण समितीने डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. अडीच लाख चौरस फुटांच्या नमुनेदार डेटा सेंटरच्या बांधकामावर ऐन भरात सुमारे १,५०० कामगार असतात. इमारत चालू झाल्यावर सुमारे ५० उरतात आणि त्यांतही निम्मे कंत्राटी असतात. याच अहवालात असेही नमूद आहे की, बहुतेक डेटा सेंटर एखाद्या मोठ्या कार्यालयाइतकेच किंवा त्याहून कमी पाणी वापरतात. मोजकीच फार अधिक वापरतात. म्हणजे सरसकट भीती बाळगणे योग्य नाही आणि सरसकट विश्वास ठेवणेही योग्य नाही. प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब वेगळा मागावा लागतो.

एवढा कर मिळत असतानाही, घरांजवळ येणाऱ्या इमारती, यंत्रांचा आवाज आणि विजेच्या उंच वाहिन्या यांमुळे रहिवाशांची नाराजी वाढली. मार्च २०२५ मध्ये लाउडनने नियम बदलला आणि नव्या प्रत्येक डेटा सेंटरसाठी जाहीर सुनावणी आवश्यक केली.

पाण्याचा हिशेब : द डॅल्स

ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स हे सुमारे १६,००० वस्तीचे गाव आहे. गूगल कंपनीचे डेटा सेंटर तेथे २००६ पासून आहे. कंपनी गावाचे किती पाणी वापरते, अशी माहिती २०२१ साली एका वृत्तपत्राने मागितली. नगर प्रशासनाने ती देण्याऐवजी, हे व्यापारी गुपित आहे असे सांगून न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले. २०२१ साली कंपनीने सुमारे ३५ कोटी ५० लाख गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरले होते. हे प्रमाण गावाच्या एकूण वापराच्या पाव हिश्शाहून अधिक होते.

येथे पाणी किती गेले यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की, गावाचेच पाणी किती गेले हे गावाला कळण्यासाठी वर्षाहून अधिक काळ झगडावे लागले. जी गोष्ट मोजलेली दाखविली जात नाही, तिच्यावर बोलण्याचा अधिकारही लोकांच्या हाती राहत नाही.

हवेचा प्रश्न : मेम्फिस

तिसरे उदाहरण आपल्या विशेष विचारास पात्र आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराच्या नैऋत्येस बॉक्सटाउन नावाची वस्ती आहे. १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ती वसविली. रेल्वेच्या जुन्या डब्यांचे लाकूड घरांना वापरल्यामुळे तिला हे नाव पडले. आज तिच्या आसपास तेलशुद्धीकरण कारखाना, वीजकेंद्र व इतर उद्योग आहेत.

२०२४ साली एक्सएआय कंपनीने जवळच्या बंद कारखान्यात प्रचंड डेटा सेंटर सुरू केले. सार्वजनिक वीज पुरेशी मिळेपर्यंत तिने आवारातच वायूवर चालणारी टर्बाईन्स लावली. एप्रिल २०२५ मध्ये एका पर्यावरण कायदा संस्थेने हवाई छायाचित्रांवरून ३५ टर्बाईन्स मोजली. त्या वेळी त्यांना हवा-प्रदूषणाचा परवाना नव्हता. ही यंत्रे तात्पुरती असल्याने परवाना लागत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेने दाव्याची नोटीस दिली. पुढील महिन्यात जिल्हा आरोग्य खात्याने १५ टर्बाईन्सना अटींसह परवाना दिला.

असे प्रकल्प अशाच वस्तीजवळ का येतात? याच भागातून काही वर्षांपूर्वी तेलवाहिनी नेण्याचे ठरले होते. सर्वांत कमी विरोध होईल अशी ही जागा आहे, अशा आशयाचे उद्गार त्या वेळी कंपनीच्याच माणसाने २०२० साली काढले होते. रहिवासी संघटित झाले आणि जुलै २०२१ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. ज्यांचा आवाज क्षीण समजला जातो त्यांच्या दारात धूर येतो, हे जगभरातील वंचितांना सांगावे लागत नाही; परंतु आवाज क्षीण ठेवायचा की नाही, हे त्यांच्या हातात असते.

आपल्याकडील परिस्थिती

समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत व आणखी येत आहेत. नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती मागितल्याशिवाय मिळालेली नाही, हे तरुण पिढीने ध्यानात ठेवावे.

आता कायद्याची बाजू पाहू. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामास पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते; परंतु इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. म्हणून आपल्याकडे कोणी विचारायला येईल याची वाट पाहून चालणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. मात्र व्यापक जनहित असेल तर ती माहिती देता येते, असेही त्याच कलमात म्हटले आहे. द डॅल्सचा अनुभव येथे उपयोगी पडावा.

विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

१) प्रकल्पाला किती मेगावॅट वीज मंजूर आहे? नव्या उपकेंद्राचा व वाहिन्यांचा खर्च कोण भरणार?
२) दररोज किती पाणी लागेल आणि ते कोठून येईल? पिण्याच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येईल काय?
३) डिझेल जनरेटर किती, त्यांची चाचणी केव्हा होते आणि धुराडी घरांपासून किती अंतरावर आहेत?
४) कुंपणापाशी रात्री आवाज किती डेसिबल आहे? तो कोण मोजतो?
५) बांधकाम संपल्यावर कायम नोकऱ्या किती आणि त्यांपैकी स्थानिकांना किती? वीजतंत्री, वातानुकूलन, अग्निशमन या कामांचे प्रशिक्षण स्थानिक आयटीआयमध्ये मिळेल काय?
६) कर कोणाला मिळतो, किती वर्षांची माफी आहे आणि वस्तीवर त्यातील किती खर्च होतो?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. अर्जाची पोच व उत्तराची प्रत जपून ठेवावी. दहावी-बारावीचे विद्यार्थीसुद्धा आवाजाची व पाणीपुरवठ्याच्या वेळेची रोजची नोंद वहीत ठेवू शकतात. अशी वर्षभराची वही कोणत्याही भाषणापेक्षा वजनदार ठरते.

समारोप

डेटा सेंटर नकोच, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. आपली मुले ज्या संगणक युगात नोकरी शोधणार आहेत त्याचा पाया या इमारतींवर उभा आहे. लाउडनला कर मिळाला, द डॅल्सला उशिरा का होईना हिशेब मिळाला, बॉक्सटाउनचे भांडण मात्र यंत्रे सुरू झाल्यानंतर उभे राहिले. या तिन्हींचा धडा एकच आहे. अटी घालण्याची वेळ परवानगीच्या आधीची असते. नंतर उरते ती तक्रार. आपल्या शेजारी अशी इमारत येणार असेल तर तिची कागदपत्रे आधी वाचणारी दहा माणसे आपल्या वस्तीत असली पाहिजेत. ती तयार करणे हे आपल्या शिक्षणाचे एक कार्य समजावे.