निगेटिव्ह, स्कॅनर आणि आजीची नथ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको!

विषय टेक्निकल आहे, पण सुरुवात घरातून झाली. आजीच्या वर्षश्राद्धाला तिचा १२ बाय १८ इंची फोटो करायचा होता. बाबांनी १९९६ च्या गणपतीत काढलेला एक फोटो सगळ्यांच्या आवडीचा. आजी मोदकाला कळ्या पाडतेय आणि हसतेय. अल्बममधली ४ बाय ६ ची प्रिंट पिवळी पडली होती, पण निगेटिव्ह सापडली. मी ती एका लॅबमधून स्कॅन करून आणली, मोठी प्रिंट काढली, आणि आजी धुक्यात! नथीचे मोती म्हणजे नुसता एक पांढरा ठिपका. काका म्हणाले, "फिल्मचे फोटो मोठे केले की असेच येतात गं. डिजिटल असता तर प्रश्नच नव्हता."

मला हे काही पटेना. फाईल उघडली, तर १८०० बाय १२०० पिक्सेल. १८ इंचांवर पसरले तर इंचाला फक्त १००. हातात धरून बघायच्या प्रिंटला साधारण ३०० लागतात. म्हणजे ते स्कॅनिंगच ४ बाय ६ पुरतं होतं. फिल्मचा दोष नव्हताच.

मग हिशोब केला. ३५ एमएम फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. ती ४००० डीपीआयला स्कॅन केली तर सुमारे ५६७० बाय ३७८० पिक्सेल, म्हणजे २१ मेगापिक्सेल. १२ बाय १८ ला ५४०० बाय ३६०० हवेत. बसलं की!

पण म्हणून हे स्कॅनिंग २१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याइतकं चांगलं का? मलाही तसंच वाटलं होतं. इथेच सगळे फसतात. डिजिटल कॅमेऱ्यात लेन्समधून प्रकाश थेट सेन्सरवर पडतो. स्कॅनिंग म्हणजे फोटोचा फोटो: कॅमेऱ्याची लेन्स, मग फिल्म, मग स्कॅनर. प्रत्येक टप्प्यावर बारीक तपशिलाचा कॉन्ट्रास्ट थोडा गळतो आणि ह्या गळतीचा गुणाकार होतो. समजा प्रत्येक टप्पा ७० टक्के पुढे पाठवतो. दोन टप्प्यांनंतर ४९ टक्के उरतात, तीन टप्प्यांनंतर जेमतेम ३४. शिवाय फिल्मचे दाणेसुद्धा पिक्सेल खातात. त्यातले कितीतरी पिक्सेल आजीचे नसून दाण्यांचेच असतात!

डिजिटलसुद्धा धुतल्या तांदळासारखं नाही हं. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या रचनेत (पेटंट १९७६ चं) प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. रंगीत फिल्ममध्ये तिन्ही रंगांचे थर एकावर एक असतात, तिथे हा अंदाजपंचे कारभार नाही.

थिअरी पुरे म्हणून मी आणि माझ्या रूममेटने ट्रायपॉडवरून कॉलेजची बिल्डिंग टिपली, एकदा २४ मेगापिक्सेलच्या डिजिटलवर आणि एकदा २०० आयएसओच्या निगेटिव्हवर. ८ बाय १२ पर्यंत होस्टेलमध्ये कुणालाच फरक ओळखता आला नाही. १२ बाय १८ ला मात्र डिजिटल सरळसरळ जास्त स्वच्छ. फिल्मच्या आकाशात रवाळपणा दिसायला लागला. पण पांढऱ्या ढगांत फिल्मने बाजी मारली! आम्ही मुद्दाम एक्सपोजर थोडं जास्त दिलं होतं. डिजिटलमध्ये ढग जळून कोरा कागद झाला, निगेटिव्हमध्ये त्याचे पदर शिल्लक होते. सेन्सरचा पिक्सेल भरला की संपलं, निगेटिव्ह मात्र जादा प्रकाश बराच पचवते.

तेव्हा नवीन फोटो असेल तर मी बिनधास्त डिजिटल म्हणेन. जुना असेल तर निगेटिव्ह शोधा, प्रिंटवरून स्कॅन करू नका, आणि लॅबवाल्याला "स्कॅन करून द्या" एवढंच सांगू नका. किती पिक्सेल, ते विचारा. घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरचा डीपीआयचा आकडा बघून तर अजिबात हुरळून जाऊ नका, प्रत्यक्षात तपशील त्याहून बराच कमी मिळतो.

आजीची निगेटिव्ह मी दुसरीकडे खास फिल्म स्कॅनरवर ४००० डीपीआयला करून घेतली. खर्च पॉकेटमनीतून, असो! मागच्या भिंतीवर दाणे दिसतात, ते मी तसेच ठेवले. खिडकीजवळच्या पांढऱ्या लुगड्याच्या चुण्या पहिल्या प्रिंटमध्ये नव्हत्याच, त्या आल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी काका चष्मा पुसून फोटोजवळ गेले आणि नथीचे मोती मोजत बसले.