दुकानाची सजावट आधी घरच्या संगणकावर

आंतरजालावरील दुकानाचे बाह्यरूप ठरविणाऱ्या फाइलींच्या संचास ‘थीम’ म्हणतात. विक्री चालू असताना तीत थेट फेरफार करणे धोक्याचे असते. पीएचपी भाषेतील एक अर्धविराम राहिला, तरी पान कोरे दिसू शकते; आणि अशा वेळी ग्राहक तक्रार करीत नाही, निघून जातो.

वर्डप्रेस व त्यावर चालणारे वूकॉमर्स ही दोन्ही विनामूल्य मिळतात. झॅम्प या संचाद्वारे अपाची, मारियाडीबी आणि पीएचपी आपल्याच संगणकावर बसविता येतात व दुकान ‘लोकलहोस्ट’, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडते. मूळ थीमला हात न लावता तिची ‘चाइल्ड थीम’ करावी. अन्यथा पुढील अद्ययावतीकरणात आपले बदल पुसले जातात.

चालू दुकानाचा डेटाबेस जसाच्या तसा उतरवून घेण्याचा मोह मात्र आवरावा. त्यात खऱ्या ग्राहकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक असतात. चाचणीतील ऑर्डर पुढे सरकताच एखाद्यास ‘माल रवाना झाला’ असा ई-मेलही जाऊ शकतो! वूकॉमर्ससोबत येणारा नमुन्याचा माल या कामास पुरेसा आहे.

पैसे भरण्याची चाचणी पेमेंट गेटवेच्या ‘टेस्ट मोड’मध्ये, त्यांनीच दिलेल्या चाचणी-कार्डाने करावी, आपले खरे कार्ड वापरू नये. येथे नवखे गोंधळतात, कारण भरणा यशस्वी होऊनही ऑर्डर कधी कधी प्रलंबितच दिसते. हा थीमचा दोष नव्हे. १२७.०.०.१ हा पत्ता बाहेरून गाठता येत नसल्याने गेटवेची पोच तेथे पोहोचत नाही. तेवढी तपासणी सर्व्हरवरील स्वतंत्र ‘स्टेजिंग’ प्रतीवर करावी, तीही मोबाइलवरून.