ग्रामसभेच्या नोंदी आणि त्यांची राखीव प्रत

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही वनजिल्ह्यांचा कारभार त्या काळी रजिस्टरे, नकाशे आणि फायली यांवर चालत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने या कागदपत्रांना एक नवा धनी मिळवून दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगावास तो २०१२ मध्ये मिळाला. त्यानंतर शेकडो ग्रामसभा आपल्या वनाच्या व्यवस्थापक झाल्या. दाव्यांचे पुरावे, सीमांचे नकाशे, ठराव, बांबूच्या वाहतुकीचे परवाने आणि तेंदूपानांचे हिशेब हे सारे सांभाळण्याची जबाबदारीही ओघानेच त्यांच्याकडे आली.

हा हिशेब आता वहीतून संगणकात जात आहे. काही ग्रामसभांनी एकत्र येऊन आपले संकेतस्थळ उभारले आणि त्याच्या पाठीशी नोंदींचा डेटाबेस ठेवला, तर त्याची राखीव प्रत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘बॅकअप’, कोणत्या प्रकारची असावी, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. तेंदूच्या हंगामात ७० पानांचा एक पुडा याप्रमाणे कोणत्या कुटुंबाने किती पुडे आणले, याची नोंद फळीवर रोज संध्याकाळी होते. त्या नोंदीवर मजुरी ठरते व पुढे नफ्याची वाटणीही ठरते. एका दिवसाची नोंद नाहीशी झाली तर पाने पुन्हा मोजता येत नाहीत, कारण तोवर ती वाळून गोणीत भरली गेलेली असतात.

म्हणून प्रकार निवडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेनेच द्यावयाची आहेत. किती वेळाचे काम बुडाले तर ते पुन्हा उभे करता येईल? आणि संकेतस्थळ किती काळ बंद राहिले तर चालेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एक दिवस’ असेल तर रोज एक प्रत पुरते. ‘पंधरा मिनिटे’ असेल तर व्यवस्था निराळी आणि खर्चही निराळा. फळीवरील कागदी रजिस्टर नियमित लिहिले जात असेल तर तीही एक राखीव प्रतच आहे. संगणक आला म्हणून ती वही बंद करण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

आता प्रकारांकडे वळू. सर्व मजकुराची संपूर्ण नक्कल ती पूर्ण प्रत. शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर जे जे बदलले तेवढ्याचीच नक्कल ती फरकाची प्रत. हिलाच जाणकार ‘डिफरन्शियल’ म्हणतात. आणि कालच्या प्रतीनंतर जे बदलले तेवढेच घेणारी ती वाढीव, अर्थात ‘इन्क्रिमेंटल’ प्रत. शेवटच्या दोहोंतील भेद वरवर बारीक वाटतो. परंतु तो आपत्तीच्या दिवशी चांगलाच जाणवतो.

एक हिशेब मांडून पाहू. संकेतस्थळ व डेटाबेस मिळून २० गिगाबाइट आहेत, रोज २०० मेगाबाइट मजकूर बदलतो आणि दुर्गम तालुक्यातील जोडणी सेकंदाला २ मेगाबिट एवढाच भार वाहते, असे धरू. पूर्ण प्रत दूरच्या केंद्रावर पाठविण्यास २२ तासांहून अधिक वेळ लागेल; म्हणजे रोज पूर्ण प्रत हा विचारच सोडून द्यावा लागतो. वाढीव प्रत मात्र १३-१४ मिनिटांत जाते. फरकाची प्रत सोमवारी तेवढाच वेळ घेते, पण रविवारच्या पूर्ण प्रतीपासून सहा दिवसांचा बदल साचल्याने शनिवारी तिला जवळजवळ दीड तास लागू शकतो. प्रत घेण्याच्या बाजूने पाहता वाढीव प्रत सरस ठरते. आता परत उभारणीची बाजू पाहा. शनिवारी रात्रीच्या प्रतीनंतर यंत्र बिघडले तर फरकाच्या पद्धतीत दोनच प्रती लागतात : रविवारची पूर्ण आणि शनिवारची. वाढीव पद्धतीत पूर्ण प्रतीवर सहाही दिवसांच्या प्रती क्रमाने चढवाव्या लागतात, आणि बुधवारची एक सदोष निघाली तर गुरुवारपासूनच्या निरुपयोगी ठरतात. जेथे जोडणी बरी आहे पण हाताशी जाणकार माणूस नाही, तेथे फरकाची प्रत पत्करावी. जोडणी अगदीच क्षीण असेल तर वाढीव प्रत घ्यावी, परंतु पूर्ण प्रतीचे अंतर आठवड्याहून वाढू देऊ नये. ती पूर्ण प्रत डिस्कवर घेऊन बसने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविली तरी काही बिघडत नाही.

डेटाबेसचा स्वभाव मात्र छायाचित्रांच्या वा नकाशांच्या फायलींहून वेगळा आहे. नकाशाची फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की प्रत झाली. चालू डेटाबेसच्या फायली तशा उचलल्या तर पुड्यांची संख्या प्रतीत आलेली असते आणि त्यापुढील देय रक्कम यावयाची असते. अशी अर्धवट प्रत बहुधा उघडतही नाही. त्यासाठी डेटाबेसचेच साधन वापरावे. माय-एस्क्यूएल अथवा पोस्टग्रेस यांत एका विशिष्ट क्षणीची सुसंगत नक्कल काढण्याची सोय आहे. शिवाय प्रत्येक बदल क्रमाने टिपून ठेवणारी एक रोजवहीही डेटाबेस चालवू शकतो. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी कोणाच्या हातून एका फळीच्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या, तर रात्रीची प्रत उभी करून त्यावर ही रोजवही ११ वाजून ४१ मिनिटांपर्यंत चढविता येते. अट इतकीच, की ती वही त्याच डिस्कवर असू नये. दुसऱ्या यंत्रावर चालणारे जुळे डेटाबेस हा याला पर्याय नव्हे. मूळ यंत्रावरील पुसण्याची आज्ञा तेथेही काही क्षणांत पोहोचते.

या जिल्ह्यांत राखीव प्रतीचे वेळापत्रक बारमाही एकच असण्याचे कारण नाही. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांचा. त्या काळात रोजची प्रत आणि दर पाव तासाने रोजवही बाहेर पाठविणे योग्य होय. पाचगावाने तेंदू तोडणे बंद करून बांबूवर भर दिला. तेथील वेळापत्रक अर्थातच बांबूच्या कामाप्रमाणे आखावे लागेल. पावसाळ्यात नोंदी थोड्या, पण धोका मोठा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा आलापल्लीशी संपर्क तुटतो. तेव्हा जूनच्या आरंभी एक ताजी पूर्ण प्रत तालुक्याबाहेर पोहोचलेली असली पाहिजे.

प्रत कोठे ठेवावी, हे शासनासही अनुभवाने शिकावे लागले आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली, पाच जणांनी प्राण गमावले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदांची दुसरी प्रत अन्य कार्यालयात होती, तेच पुन्हा उभे करणे शक्य होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर खंडणीखोर संगणकहल्ला झाला, तेव्हा रुग्णनोंदणीसारखी कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. अशा हल्ल्यात जोडणीवर असलेल्या प्रतीही कुलूपबंद होऊ शकतात. म्हणून निदान एक प्रत जोडणी काढून कपाटात ठेवावी. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा प्रघात जगभर मान्य आहे.

प्रत घेतली जाते आणि प्रत उभी राहते, या दोन गोष्टी भिन्न आहेत. गिटलॅब या प्रख्यात संगणक कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. तेथे राखीव प्रतीच्या अनेक व्यवस्था होत्या. पण रोजची प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती आणि तशी सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. एका कर्मचाऱ्याने सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली प्रत सापडली, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

यासाठी हंगामापूर्वी एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, एका रिकाम्या संगणकावर संपूर्ण संकेतस्थळ राखीव प्रतीवरून उभे करावे व त्यास किती तास लागले ते लिहून ठेवावे. मग कोणत्याही एका फळीची एका दिवसाची बेरीज कागदी रजिस्टराशी ताडून पाहावी. संग्राहकांची नावेही वाचावीत. प्रत काढताना युनिकोडची मांडणी चुकली असेल तर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात, आणि त्या प्रश्नचिन्हांवरून माडिया वा गोंड कुटुंबाचे नाव परत मिळविता येत नाही.