मोडलेल्या हाडाबरोबर धसक्याचीही तपासणी

रस्त्यावरचा अपघात, भाजणे, मारहाण, उंचावरून पडणे अशा कारणांनी दाखल झालेल्या रुग्णाची शारीरिक तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. आधी श्वास आणि रक्तस्राव, मग मेंदू, पोट, हाडे. त्यानंतर शस्त्रक्रिया, टाके, प्लास्टर. या क्रमात मनाची विचारपूस सहसा कुठेच नसते. अमेरिकेत ६९ रुग्णालयांतल्या जखमींची पाहणी झाली, तेव्हा वर्षभरानंतरही साधारण पाचांतल्या एकामध्ये आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणे आढळली. हाडे जुळून आली होती, तरी अनेकांना कामावर परतणे जमत नव्हते.

आघातानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकून उठणे, तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचा हा त्रास आपोआप ओसरतो. तो महिन्याहून अधिक टिकला आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तरच पीटीएसडीचे निदान होते. त्यात प्रसंगाच्या आठवणी व स्वप्ने, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, खचलेले मन आणि अपराधी भावना, सतत सावध व चिडचिडे राहणे अशी लक्षणे एकत्र दिसतात. मनाच्या चाळणीचा, म्हणजे मोजक्या प्रश्नांच्या प्राथमिक तपासणीचा, उद्देश निदान करणे हा नसतो. कोणाचा त्रास टिकण्याचा धोका जास्त आहे, एवढेच तिने आधी ओळखायचे असते.

हा धोका जखमेच्या आकारावरून कळत नाही, आणि वॉर्डात नेमकी इथेच चूक होते. चार ठिकाणी हाड मोडलेला रुग्ण मनाने लवकर सावरू शकतो, तर किरकोळ खरचटून वाचलेला, पण शेजारी बसलेला भाऊ गमावलेला माणूस वर्षभर गाडीत पाय ठेवू शकत नाही. ‘आता आपण संपलो’ असे त्या क्षणी वाटले होते का, इजा कोणी मुद्दाम केली का, पूर्वी मानसिक आजार होता का, घरी आधार आहे का, या गोष्टी जास्त सांगून जातात. म्हणून गंभीर दिसणाऱ्या रुग्णांनाच नव्हे, तर शुद्धीवर असलेल्या प्रत्येक जखमीला विचारायला हवे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी नऊ प्रश्नांची एक छोटी चाळणी तयार झाली. उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. मरणार असे वाटले होते का, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखे वाटते का, कारण न कळता रडू येते का, काळजी थांबतच नाही का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. रुग्ण खाटेवर असतानाच ती करता येते. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या २०२२ च्या मानकांनुसार तिथल्या वरच्या दोन श्रेणींच्या ट्रॉमा केंद्रांत मानसिक धोका शोधण्याची आणि पुढे तज्ज्ञाकडे पाठवण्याची ठरलेली पद्धत असणे बंधनकारक झाले.

प्रश्न कसे विचारले जातात यावर उत्तरांचा खरेपणा अवलंबून असतो. वेदना आटोक्यात आलेली असावी. डोक्याला मार असेल किंवा रुग्ण भ्रमात बरळत असेल, तर आधी त्याचा उपचार. खाटेभोवती नातेवाईक असताना विचारू नये. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सांगणारी भाजलेली स्त्री सासरच्या माणसांसमोर दुसरे काही बोलणार नाही. पोलिसांचा जबाब नुकताच झालेला असेल, तर हे प्रश्न केससाठी नाहीत, उपचारासाठी आहेत, हे आधी स्पष्ट सांगावे. शब्दही रुग्णाच्या तोंडचे हवेत. ‘नैराश्य आहे का?’ याला ‘नाही’ असेच उत्तर येते. ‘धसका बसलाय का, छातीत धडधडतं का, कशात मन लागतं का?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर रुग्णाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना बोलवावे.

धोका दिसला म्हणून लगेच सगळी हकिकत वदवून घेणे चुकीचे आहे. अशा एकाच बैठकीतल्या सक्तीच्या उजळणीने फायदा होत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. पहिल्या महिन्यात या त्रासासाठी बेन्झोडायझेपिन गटातील झोपेची व शामक औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले. या काळात वेदनाशमन, घरच्यांशी संपर्क, लक्षणांची साधी माहिती आणि पुढची तारीख एवढे पुरते. त्रास टिकलाच, तर आघातावर केंद्रित मानसोपचार उपयोगी पडतात. काहींना सर्ट्रालिनसारखी औषधेही लागतात.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत ४,४३,३६६ जण जखमी झाल्याची सरकारी नोंद आहे. एवढ्या रुग्णांमागे मनोविकारतज्ज्ञ मिळणार नाहीत, हे खरे. पण पहिले प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही; प्रशिक्षित परिचारिका किंवा सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक हे काम करू शकतात. दुसरी संधी तर आपोआप चालून येते. हाड मोडलेला रुग्ण सहा आठवड्यांच्या सुमारास प्लास्टर काढायला किंवा एक्स-रे दाखवायला येतोच, आणि पीटीएसडीचे निदान करता येण्याचा काळही तेव्हा सुरू झालेला असतो. त्या दिवशी अस्थिरोग ओपीडीत एक्स-रेबरोबर पाच मिनिटांची विचारपूस झाली पाहिजे.

ती झाली नाही, तर घरच्यांनी लक्ष ठेवावे. ‘विसरून जा आता’ म्हटल्याने धसका जात नाही. महिना उलटूनही रुग्ण दचकत असेल, घराबाहेर पडत नसेल किंवा झोपेसाठी दारूकडे वळला असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात त्याला घेऊन जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.