पट्टीवर शेक नको

आईचा कर्करोग हाडांत उतरला आणि गोळ्या पोटात टिकेनात, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन थांबवून फेंटानिलची पट्टी दिली. ताशी २५ मायक्रोग्रॅम, दर ७२ तासांनी नवी. दंडावर चिकटवलेला तो पातळ तुकडा औषध वाटतच नाही, धोका तिथेच आहे. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास बनवलेलं हे कृत्रिम औषध मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभरपट जहाल आहे.

पाचगणीतला डिसेंबरचा गारठा. सोबतीला आलेल्या मावशीने मायेपोटी रात्री आईच्या दंडाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. उष्णतेने कातडीतून औषध भराभर रक्तात उतरतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी आई हाकेला ओ देईना. श्वास मंद, घशात घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पट्टी काढून आम्ही पसरणी घाट उतरलो. वाईला या औषधावरचा उतारा, नॅलॉक्सोन, टोचल्यावर तिने डोळे उघडले. तरी डॉक्टरांनी सोडलं नाही. पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं औषध रक्तात येतच राहतं, ते निम्म्यावर यायला सतरा-अठरा तास सहज लागतात. नॅलॉक्सोनचा असर त्याच्या कितीतरी आधी ओसरतो.

घरी पट्टी असेल त्यांनी एवढं पाळावं. पट्टीवर शेक, शेकोटीची ऊब, कढत पाण्याची आंघोळ नको. ताप चढला तर डॉक्टरांना कळवा. पट्टी कापू नका. नवी लावण्याआधी जुनी काढा, जागा बदला, तारीख-वेळ लिहून ठेवा. पहिल्या पट्टीचा पूर्ण गुण यायला १२ ते २४ तास लागतात, तेवढ्यात अधीर होऊन दुसरी लावू नका. दारू नको, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वापरलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका. आणि कंबरदुखीसाठी शेजाऱ्याला उसनी कधीच देऊ नका. ज्याच्या शरीराला अशा औषधाची सवय नाही, त्याचा श्वास एका पट्टीनेही थांबू शकतो.

माणूस जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर पट्टी काढा आणि लगेच १०८ ला फोन करा.

हे वाचून औषधाला भिऊ मात्र नका. अंमली पदार्थविषयक कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने अशी औषधं रुग्णांना मिळणं सोपं व्हावं म्हणून वाट मोकळी केली. आईला पुन्हा पट्टीच लावली आणि ती शांत झोपू लागली. वेदना सोसत बसू नका. पट्टी घ्या, पण घरातल्या प्रत्येकाला तिचे नियम समजावून सांगा.