शेजाऱ्याचा मोकाट कुत्रा : उपद्रव, उपाय आणि कायदा

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. धनगराच्या वाड्यावर, मळ्यातील वस्तीवर आणि खळ्यातील राशीपाशी त्याने पिढ्यान्‌पिढ्या राखण केली आहे. शहरे वाढली, तसा तो बंगल्याच्या फाटकाशी आणि सदनिकेच्या दाराशीही येऊन पोहोचला. परंतु राखणीसाठी पाळलेले हेच जनावर कुंपणाबाहेर मोकळे सोडले गेले, की शाळेत जाणारी मुले, पहाटे दूध घालणारा, पत्रे वाटणारा आणि सायकलवरून कामावर निघालेला मजूर यांच्यासाठी तोच रस्ता भयाचा होतो. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाची चर्चा नेहमी होते. मालकी असलेल्या, पण मालकाने आवर न घातलेल्या कुत्र्याचा प्रश्न मात्र ‘शेजाऱ्याशी वाईटपणा कशाला’ या संकोचामुळे बहुधा दडपला जातो, आणि एखाद्या बालकाच्या पायाचा लचका निघाल्यावरच तो चव्हाट्यावर येतो.

कुत्रा आक्रमक का होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पिल्लाच्या वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांच्या काळात त्याला परकी माणसे, मुले, वाहने आणि अन्य जनावरे यांची ओळख झाली नाही, तर पुढे त्या सर्वांविषयी त्याच्या मनात भीती राहते. आणि चावणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळसे भीतीपोटीच चावतात. दुसरे कारण साखळीचे. दिवसभर आखूड साखळीला जखडलेला कुत्रा रात्री सोडला, की तो शांत होईल ही समजूत भ्रामक आहे. ये-जा करणाऱ्यांवर दिवसभर भुंकून त्याचा क्षोभ साचलेला असतो, आणि प्रत्येक वेळी वाटसरू आपल्या वाटेने पुढे निघून जात असल्यामुळे ‘आपण भुंकलो म्हणून तो पळाला’ अशी त्याची खात्री पटत जाते. अशा रीतीने सार्वजनिक रस्ताही त्याला आपल्या हद्दीतील वाटू लागतो. दोन-तीन कुत्री एकत्र मोकाट असतील तर एकमेकांच्या बळावर ती अधिक धीट होतात. एकटा असताना शेपूट घालणारा कुत्रा टोळीत असताना अंगावर येतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण आपल्या हद्दीचे रक्षण करणाऱ्या कुत्र्याला लागू पडत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

जातीवरून स्वभाव ठरविण्याची प्रवृत्तीही फसवी आहे. केंद्र शासनाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री व पैदास यांवर निर्बंध घालण्यास सांगितले होते. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी रद्द ठरविले. तक्रारदाराने कुत्र्याच्या जातीवर भर न देता त्याने प्रत्यक्ष काय केले यावर भर द्यावा, हेच व्यवहार्य.

कुत्रा अंगावर धावून आल्यास पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा उपजत धर्म आहे. जागीच उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हातातील दप्तर, छत्री वा सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी आणि त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरकावे. खाली पडल्यास अंग मुडपून दोन्ही हातांनी मान व चेहरा झाकावा. दगड मारल्याने तात्पुरती सुटका होते खरी, परंतु दुसऱ्या दिवशी तोच कुत्रा त्या माणसाला अधिक त्वेषाने सामोरा येतो.

आता शेजाऱ्याविषयी. पहिले बोलणे समोरासमोर आणि कुत्रा पळत आलेला नसताना, म्हणजे दोघांचीही डोकी शांत असताना व्हावे. पुष्कळ मालकांना आपला कुत्रा घराबाहेर कसा वागतो याची खरोखरच कल्पना नसते. घरात तो पायाशी लोळत असतो. अशा वेळी ‘तुमचा कुत्रा वाईट आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘सकाळी सात ते आठ मुले शाळेत जातात, तेवढा वेळ तरी त्याला आत ठेवा, कुंपणाची ही फट बुजवा’ असे नेमके सांगितले, तर काम होण्याचा संभव अधिक. गावात सरपंच, पोलीस पाटील किंवा एखादी वडीलधारी व्यक्ती मध्यस्थीस घ्यावी. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती जेथे आजही काम करीत आहे, तेथे असा वाद तिच्यापुढे ठेवण्यास काहीच हरकत नाही. शहरात गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे अर्ज करावा. मात्र कुत्रा पाळण्यावरच सरसकट बंदी घालणारा ठराव करण्याच्या फंदात संस्थेने पडू नये. मागणी आवर घालण्याची असावी, पाळण्यास बंदीची नव्हे.

तोंडी सांगून भागले नाही, तर लेखी पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. या पत्राचे महत्त्व शिष्टाचारापुरते नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास संभाव्य धोका किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी घेण्यात जो जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणाने कसूर करतो, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. हा अपराध दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून तपास करता येतो. कलमातील दोन शब्दप्रयोग ध्यानात घ्यावेत. ‘जाणूनबुजून’ हा पहिला : ज्याला दोनदा लेखी कळविले आहे, त्याला ‘मला ठाऊकच नव्हते’ असे म्हणता येत नाही. ‘ताब्यातील’ हा दुसरा. ‘कुत्रा आमचा नव्हेच, आम्ही फक्त भाकरी घालतो’ हा बचाव गावोगावी ऐकू येतो. तो खरा की खोटा हे परिस्थितीवरून ठरते : गळ्यात पट्टा आहे काय, रात्री तो कोणाच्या अंगणात बांधला जातो, लस कोणी टोचून घेतली, परवाना कोणाच्या नावे आहे. बृहन्मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. कुत्रा खरोखरच बेवारस असेल, तर मात्र प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण स्थानिक संस्थेने करावयाचे असते. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत तीच जबाबदारी मालकाची.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही हिंस्र कुत्र्यास मुसके न बांधता रस्त्यावर मोकाट सोडण्यास आणि कुत्रा कोणाच्या अंगावर सोडण्यास मनाई आहे.

शिक्षेपेक्षा बंदोबस्त हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ चा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. तिच्यान्वये जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, किंवा शासनाने खास अधिकार दिलेला अन्य कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक प्राण्यास बंदिस्त करण्याचा, नष्ट करण्याचा अथवा त्याची अन्य विल्हेवाट लावण्याचा सशर्त आदेश काढू शकतो. मालकाने ठरावीक मुदतीत आदेश पाळावा, नाहीतर हजर होऊन आदेश कायम का करू नये याचे कारण दाखवावे, अशी ही पद्धत आहे. अर्जासोबत घटनांची टिपणे असावीत : तारीख, वेळ, स्थळ, कोणावर कुत्रा धावला, कोण साक्षीदार होते. छायाचित्रे आणि वैद्यकीय दाखले जोडावेत. चार कुटुंबांनी मिळून केलेल्या अर्जाला एकट्याच्या तक्रारीपेक्षा वजन येते. शेळ्या-कोंबड्या मारल्या गेल्या असतील, तर मृत जनावराचा पंचनामा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लगेच घ्यावा. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागताना याच कागदांवर सारी भिस्त असते.

कागदी वाटेला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत कोणाचा तरी हात विषाकडे जातो. तसे करणे अमानुष तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे : न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्यास ठार मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कालचा तक्रारदार आजचा आरोपी होतो आणि मूळ तक्रार बाजूलाच पडते. मालकानेही एवढे लक्षात ठेवावे की आवर घालणे म्हणजे जन्मभर जखडणे नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार कुत्र्यास गैरवाजवी आखूड वा जड साखळीला दीर्घकाळ बांधणे, तसेच सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हा अपराध आहे. भक्कम कुंपण, आपोआप मिटणारे फाटक, रोज दोन वेळा पट्ट्याने फिरविणे आणि वेळेवर निर्बीजीकरण, एवढे केले की बहुतेक तक्रारी उरत नाहीत.

कुत्रा चावलाच, तर तक्रार नंतर, जखम आधी. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम सलग पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना, तिखट वा तेल लावू नये. अलर्क रोग, म्हणजे रेबीज, एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर दिलेल्या लशीने मात्र तो टळतो. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही धास्ती अजूनही खेड्यापाड्यांत रुग्णाला दवाखान्यापासून दूर ठेवते. ती मेंदूच्या ऊतीपासून केलेली जुनी लस केव्हाच इतिहासजमा झाली आहे. आता शासकीय रुग्णालयांत लस दंडाच्या कातडीत टोचतात, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. यातील मोजणी पहिली मात्रा शून्य दिवस धरून होते, म्हणून तारखा कागदावर लिहून घ्याव्यात. रक्त आलेली खोल जखम असल्यास जखमेतच सिरमही द्यावे लागते. चावा पाळीव कुत्र्याचा असला, त्याला लस टोचलेली आहे असे मालक सांगत असला, तरी उपचार थांबवू नयेत.

कुत्र्यावर पुढील दहा दिवस नजर ठेवावी लागते. चावल्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोगाचे विषाणू असतील, तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. तो दहाव्या दिवशीही धडधाकट असल्यास उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. म्हणून रागाच्या भरात जमावाने कुत्रा मारू नये आणि मालकानेही त्याला रातोरात दुसऱ्या गावी पोहोचवू नये. त्याला घरातच बांधून ठेवून त्याचे लसीकरणाचे पुस्तक जखमीच्या घरी नेऊन दाखवावे आणि दहा दिवस त्या घरच्या माणसांना कुत्रा पाहण्यासाठी येऊ द्यावे.